गोखल्यांच्या घरातली शांतता

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या बाल्कनीत, शेवटून दुसऱ्या रांगेत बसलो होतो आणि आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिची बांगडी माझ्या मनगटात रुतत होती. नाटक 'नकळत सारे घडले', विक्रम गोखले बटूमामा. समोरच्या पात्राने काहीतरी विचारलं आणि ते बोललेच नाहीत. कुठला प्रश्न होता ते आता आठवत नाही मला, पण ते न बोलणं आठवतंय. आधी वाटलं वाक्य विसरले. मग वाटलं, नाही, विसरलेला माणूस असा उभा राहत नाही, विसरलेल्या माणसाचे डोळे विंगेकडे जातात, यांचे गेले नव्हते. हात खुर्चीच्या पाठीवर तसाच, मान किंचित खाली, आणि आख्खं थिएटर श्वास धरून बसलेलं. खोकणारी माणसं खोकायची थांबली होती. आणि मग ते अगदी साधं, घरात बोलतो तसं एक वाक्य बोलले आणि माझ्या आईच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बाहेर पडल्यावर संभाजी बागेच्या कडेने चालत येताना मी म्हटलं, केवढा मोठा पॉज घेतला ना गं. तर ती म्हणाली, "अगं, हे त्याच्या एकट्याचं नाही. आजीपासूनचं आहे ते." मी तेव्हा कॉलेजात होते, मला वाटलं आई नेहमीप्रमाणे जुन्या लोकांचं कौतुक करतेय. आजी कोण, तिचं काय, मी विचारलंसुद्धा नाही. खूप वर्षांनी, म्हणजे त्यांच्या आजीवरची, कमलाबाई गोखल्यांवरची, रीना मोहन यांची डॉक्युमेंटरी पाहिली तेव्हा, आई काय म्हणत होती ते पहिल्यांदा जरा कळलं, आणि मग मी त्या घराच्या मागे मागे जातच राहिले.

मागे गेलं की सुरुवात गोखल्यांपासून होतच नाही. ती होते कामतांपासून. दुर्गाबाई कामत. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरात लहान मुलगी असलेली एक ब्राह्मण बाई. तेव्हा अशा बाईपुढे रस्ते किती, तर कुणाच्या तरी घरी पोळ्या लाटायच्या, धुणीभांडी करायची, किंवा जे बोलायचं नाही ते. दुर्गाबाईंनी नाटक कंपनीचा रस्ता धरला. समाजाने वाळीत टाकायचं ते टाकलंच. आज आपण 'तिला अभिनयाची ओढ होती' असं छान वाक्य लिहून मोकळे होतो, पण मला नाही वाटत तिथे आधी ओढ होती. आधी पोट होतं, आणि मांडीवरची पोर. ओढ मागून आली असेल, आली असेल तर चांगलंच आहे, पण आधीची ती भूक पुसून टाकून 'कलेचं घराणं' म्हणायला माझं मन धजत नाही.

आणि १९१३ साल उजाडलं. या एका वर्षात काय काय झालंय बघा. मे महिन्यात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला, त्यात तारामती झाले होते अण्णा साळुंके, कारण फाळक्यांना बाई मिळालीच नाही. जाहिराती देऊन झाल्या, नको त्या वस्तीत जाऊन विचारून झालं, कोणी तयार होईना. शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलात आचारी म्हणून महिना दहा रुपयांवर काम करणारा हा नाजूक हातांचा मुलगा त्यांना दिसला आणि त्याला पंधरा रुपयांवर तारामती केलं. त्याच वर्षी बायकांची कामं करणाऱ्या बालगंधर्वांनी किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि मराठी घरातल्या बायका शालू कसा नेसायचा, गजरा कसा माळायचा ते एका पुरुषाकडे बघून शिकायला लागल्या. आणि त्याच वर्षी फाळक्यांनी पुढचा सिनेमा केला 'मोहिनी भस्मासुर', त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची तेरा वर्षांची पोरगी, कमला. भारतीय सिनेमातली पहिली स्त्री नट आणि पहिली बालनटी. मायलेकी. एकाच सिनेमात.

तमाशाच्या फडावर बायका होत्याच की, त्या पिढ्यान् पिढ्या नाचत होत्या, गात होत्या, त्यांना कोणी 'पहिली' म्हटलं नाही. हे विसरून चालणार नाही. पण कॅमेऱ्यासमोर बाईचं काम बाईने करायचं ही गोष्ट या दोघींपासून सुरू झाली हेही तितकंच खरं.

मी तो सिनेमा पाहिलेला नाही. पण मला त्यातली एक गोष्ट सारखी डोळ्यांपुढे येते. तो मूकपट होता. म्हणजे नाटक कंपनीत चार-पाच वर्षांची असल्यापासून गाणारी, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय लागलेली ही पोरगी, आणि तिला सांगितलंय की इथे तुझा आवाज कुणाला ऐकू जाणार नाही. नाच, बघ, थांब, हात डोक्यावर ने. त्या एका हाताच्या हालचालीवर भस्मासुर भस्म होतो, आख्खी गोष्ट त्या हातावर. चेहरा आणि हात, बाकी काही नाही. विक्रम गोखल्यांचा तो खुर्चीच्या पाठीवरचा हात मला आठवतो तेव्हा मला ही तेरा वर्षांची मोहिनी आठवते. रक्तातून असं काही येतं का ते मला माहीत नाही, डॉक्टरांनी सांगावं. पण घरातून येतं. घरात कोण कसं बसतं, कसं उठतं, किती बोलतं, कधी गप्प होतं, ते पोरं बघत असतात.

आपण सरसकट 'गोखले घराणं' म्हणतो. मला त्यात थोडं दुःख वाटतं खरं सांगायचं तर. आडनाव गोखले, पण पहिलं पाऊल कामत बाईचं, आणि ते आईकडून मुलीकडे आलं. गोखले हे नंतर आले. कसे आले तेही फार सुंदर आहे. रघुनाथराव गोखले किर्लोस्कर कंपनीत स्त्रीपार्टी होते, म्हणजे बायकांची कामं करणारे नट, गाणारे. मग वयानुसार आवाज फुटला. स्त्रीपार्टी नटाचा आवाज फुटला म्हणजे त्याची नोकरी गेली असंच धरायचं, दुसरं काय. ते भावाच्या कंपनीत आले, चित्ताकर्षक नाटक मंडळी, आणि तिथे नायिका म्हणून उभी राहिली कमला. पुढे त्यांचं लग्न झालं. म्हणजे एका पुरुषाचा आवाज फुटला आणि एका बाईला स्वतःच्या आवाजात नायिका होता आलं. ज्या काळात मोठ्या कंपन्यांमधून बाईचं काम पुरुषच करत होते त्या काळात ही एक फिरती कंपनी गावोगाव जात होती आणि तिच्यात नायिकेचं काम खरीखुरी बाई करत होती. लोक काय काय बोलले असतील याची कल्पना आपण करू शकतो, फार अवघड नाही, आजही बोलतातच.

मग पंचविशीत कमलाबाई विधवा झाल्या. दोन मुलं हाताशी, तिसरं पोटात. विसाच्या दशकातली गोष्ट आहे ही. दुर्गाबाईंपुढे होता तोच प्रश्न परत, एका पिढीनंतर, त्याच घरात. आणि कमलाबाईंनी तेच उत्तर दिलं, उभ्या राहिल्या. नाटकं केली, पुरुष भूमिकासुद्धा केल्या, पुढे बोलपट आले तेव्हा सिनेमे केले. सगळे धरून पस्तीसेक सिनेमे, शेवटचा १९८० चा 'गहराई'. जन्म १९०० चा. म्हणजे विसावं शतक जवळजवळ आख्खं त्या बाईने पाहिलं, आणि त्यातला निम्म्याहून जास्त काळ तोंडाला रंग लावून पाहिला.

त्या डॉक्युमेंटरीत त्या नव्वदीकडे झुकलेल्या आहेत. पुण्यातलं घर, एकट्या राहतात, दिसतं कमी, हात थरथरतो. आणि बोलता बोलता जुन्या नाटकातलं काहीतरी म्हणायला लागतात. मी ते तीन-चार वेळा पाहिलंय. गंमत... नाही, गंमत नाही म्हणणार, माझ्या अंगावर काटा येतो त्याने. बोलणं सुरू झालं की ती म्हातारी बाई तिथे राहतच नाही. पाठ सरळ होते. आणि मधे थांबतात, तेव्हा आपल्याला वाटतं आता विसरल्या, वय झालंय. पण नाही. मी दुसऱ्यांदा बघताना नीट लक्ष दिलं, डोळे कुठे जातात त्याकडे. डोळे कुठेही गेले नव्हते. मी तिथे रिमोट खाली ठेवला आणि बालगंधर्वची ती बाल्कनी, आईचा हात, सगळं एकदम परत आलं. आजीपासूनचं आहे ते.

कमलाबाईंचे तीन मुलगे. लालजी आणि सूर्यकांत तबल्याकडे गेले, लालजी तर थिरकवाँ खाँसाहेबांचे शिष्य. आणि चंद्रकांत अभिनयाकडे, लहानपणापासून. चंद्रकांत गोखल्यांबद्दल लिहायला बसलं की मला वाईट वाटतं की आपल्याकडे 'चरित्र अभिनेता' हा शब्द किती पटकन लावून माणूस बाजूला ठेवला जातो. शेकड्याने कामं. बाप, काका, शाळामास्तर, गावचा पाटील, देवळातला पुजारी. सिनेमा कुणाचाही असो, चंद्रकांत गोखले एका कोपऱ्यात असायचे आणि तो कोपरा खरा वाटायचा. लढाईत जायबंदी झालेल्या जवानांसाठी हा माणूस आपल्या कमाईतून पैसे देत राहिला, तेही गाजावाजा न करता. ते गेले २००८ मध्ये, सत्त्याऐंशीव्या वर्षी. हिरो म्हणून त्यांचं पोस्टर कधी लागलं असेल असं मला वाटत नाही. पण आईच्या पिढीला विचारा, चेहऱ्याने सगळे ओळखतात.

म्हणजे बघा, पहिल्या पिढीला पोट मिळालं, दुसरीला काम मिळालं, तिसरीला मान मिळाला. आपण ज्याला प्रसिद्धी म्हणतो, म्हणजे नाव बघून तिकीट काढणं, ते यायला चौथी पिढी लागली.

विक्रम गोखले १९४५ चे. १९७१ च्या 'परवाना'त ते आहेत, अमिताभ बच्चनच्या सुरुवातीच्या दिवसांतला सिनेमा तो, पण त्यातले विक्रम गोखले कोणाला आठवतात? नाव झालं ते 'बॅरिस्टर'ने. जयवंत दळवींचं नाटक, १९७७, विजयाबाई मेहतांचं दिग्दर्शन, त्या स्वतः मावशी. मी ते पाहिलेलं नाही, माझा जन्म नंतरचा. पण आईने पाहिलंय, आणि ती ते इतक्या वेळा सांगायची की मला ते पाहिल्यासारखं झालंय. जुना वाडा, विधवेच्या लाल अलवणातली मावशी, विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर. आई सांगायची की पहिल्या अंकात तो माणूस वाड्यात साहेबी रुबाबात वावरतो, पण त्या रुबाबाच्या आत काहीतरी हलतंय ते आपल्याला दिसत राहतं, कुठे ते सांगता येत नाही.

बॅरिस्टरची गोष्ट काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मला त्यातच सगळं दिसतं. त्याच्या घराण्यात वेड आहे. बाप वेडा झाला, भाऊ वेडा झालाय, आणि याला सतत भीती आहे की ते माझ्याही रक्तात असणार, आज ना उद्या ते मला गाठणार. वारशाची भीती. आणि शेवटी ते गाठतंच. आता विचार करा, आजी कमलाबाई, बाप चंद्रकांत, असल्या घरातला तिशीतला नट, त्याच्या पाठीवर वारशाचं ओझं काय असेल, प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेतला कोणीतरी म्हातारा नक्की मनात म्हणत असणार की बापासारखं जमतंय का बघू. आणि त्याला नाव मिळवून देणारी भूमिका कुठली, तर वारशाला घाबरणाऱ्या माणसाची. मला नाही वाटत विजयाबाईंनी असा काही हिशोब करून त्यांना घेतलं असेल. पण रंगमंचावर अशा गोष्टी जुळून येतात तेव्हा त्या प्रेक्षकाला न सांगता कळतात.

आणि अजून एक. ते नाटक ज्या काळात घडतं तो दुर्गाबाईंचाच काळ आहे साधारण. त्या वाड्यातल्या विधवा बायकांचे केस भादरले जातायत, त्यांनी माजघराच्या बाहेर यायचं नाही. आणि त्याच काळात त्या नटाची पणजी एकटी, मुलीला घेऊन, नाटक कंपनीच्या बैलगाडीत की आगगाडीच्या थर्ड क्लासात, गावोगाव फिरत होती. नाटकातला बॅरिस्टर तरुण विधवा राधाला म्हणतो की केस वाढव, शिक. नटाच्या घरातली बाई कोणी म्हणायची वाट न बघता बाहेर पडली होती.

घराण्यातला म्हणून सोपं गेलं असेल, हे वाक्य आजकाल कुणाही नटाच्या मुलाबद्दल फटकन म्हटलं जातं. काही ठिकाणी ते खरं असेलही, मला त्या वादात पडायचं नाही. पण मराठी नाटकवाल्याच्या घरात वारसा म्हणजे काय मिळतं? बंगला नाही, स्टुडिओ नाही, निर्माता बाप नाही. प्रयोग झाला की 'नाईट' मिळते, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, प्रयोग नाही तर नाही. 'बॅरिस्टर' गाजलं, 'कमला' झालं, 'महासागर' झालं, नाव दुमदुमलं, आणि तरी मुंबईत राहायला जागा नव्हती या माणसाला. त्यांनीच मुलाखतीत सांगितलंय की अमिताभ बच्चन यांनी मुख्यमंत्री मनोहर जोशींना पत्र लिहिलं तेव्हा सरकारकडून घर मिळालं. मनोहर जोशी मुख्यमंत्री होते ते १९९५ नंतर. म्हणजे 'बॅरिस्टर'नंतर किमान अठरा वर्षांनी. हे वाचलं त्या दिवशी मी आईला फोन करून सांगितलं, ती बराच वेळ काही बोललीच नाही. तिने तिकिटाच्या रांगा पाहिल्या होत्या, हाऊसफुल्लचा बोर्ड पाहिला होता, तिला वाटायचं हे सगळे लोक मोठमोठ्या घरात राहत असतील. पुढे याच माणसाने पुण्याजवळची आपली जमीन म्हाताऱ्या कलाकारांच्या निवाऱ्यासाठी देऊन टाकली. का दिली असेल ते वेगळं सांगायला नको.

मग वारसा मिळतो तो काय? मी त्यावर खूप विचार केलाय आणि माझं उत्तर तबल्याकडे जातं. दोन काका तबलजी. तबल्यात खाली असते ना, म्हणजे ती मात्रा जिथे डग्ग्याचा घुमारा काढून घेतात, हाताने ताल देणारा तिथे टाळी देत नाही, हात नुसता उलटा करतो. ती मात्रा रिकामी नसते. ती मोजलेली असते. तिथे काही वाजलं नाही तरी लय चालू आहे आणि ऐकणाऱ्याला कळतं की आता सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येणार. विक्रम गोखल्यांचा पॉज मला तसा वाटतो. ते थांबायचे तेव्हा आत मात्रा चालू असायच्या. म्हणून तर आपल्याला कंटाळा यायचा नाही, उलट आपण पुढे सरकून बसायचो. हे माझं म्हणणं आहे, त्यांनी कुठे असं म्हटलंय असा माझा दावा नाही. पण ज्या घरात एक आजी मूकपटात काम केलेली आहे आणि दोन काका तबला वाजवतायत त्या घरातला पोरगा शांतता कशी वापरायची ते कुठून शिकला असेल हे विचारायची मला गरज वाटत नाही.

त्याची नक्कल होत नाही, हे मला स्वतःला कळलंय. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्ही पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत एकांकिका केली, भरत नाट्य मंदिर, आणि ज्यांनी ते वातावरण पाहिलंय त्यांना माहीत आहे, 'अरे आव्वाज कुणाचा' करून पोरं थिएटर डोक्यावर घेतात. माझं आईचं काम होतं. एक जागा होती, मुलगा निघून जातो आणि आई काहीच बोलत नाही. मी ठरवलं, इथे थांबायचं, बटूमामासारखं. तालमीत मी मनात आकडे मोजायचे, एक दोन तीन चार, सातपर्यंत. प्रयोगात चौथ्या आकड्याला मागून कोणीतरी खोकलं, पाचव्याला कोणीतरी हसलं, आणि मी घाबरून वाक्य बोलून टाकलं. विंगेत आल्यावर रडले. आमच्या दिग्दर्शकाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू थांबली होतीस, पण तुझी आई थांबली नव्हती." म्हणजे पात्र. पात्र थांबायला पाहिजे, नट नव्हे. मला ते तेव्हा फार लागलं, पण इतकं खरं कोणी मला अभिनयाबद्दल परत सांगितलं नाही. मी मोजत होते. मोजणं वेगळं आणि मात्रा अंगात असणं वेगळं.

महाराष्ट्राबाहेर त्यांना लोक ओळखतात ते बहुतेक 'अग्निपथ'मधले कमिशनर गायतोंडे म्हणून, नाहीतर 'हम दिल दे चुके सनम'मधला तो करारी गवई बाप. या भूमिका छोट्याच, पण 'अग्निपथ'मध्ये समोर अमिताभ आवाजाची कमाल करतोय आणि हे शांत बसून ऐकतायत, तो ऐकणारा चेहरा बघा एकदा परत. ऐकणं हे किती मोठं काम आहे.

आणि मग 'अनुमती'. गजेंद्र अहिरेंचा सिनेमा. बायको कोमात आहे, डॉक्टर विचारतायत व्हेंटिलेटर काढायचा का, पैसे संपलेत, आणि हा निवृत्त मास्तर रत्नाकर सही करायला तयार नाही, पैशासाठी वणवण फिरतोय. आमच्या घरात हा सिनेमा बघणं सोपं नव्हतं. बाबा शेवटचे अकरा दिवस आयसीयूत होते आणि असाच एक कागद आमच्यापुढे आला होता. एका हॉस्पिटलच्या त्या पॅसेजमधल्या निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भावाच्या हातात पेन, आणि आई कागदाकडे न बघता समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय. 'अनुमती'त विक्रम गोखले असेच बसतात, रडत नाहीत, नुसते बसतात, आणि आई सिनेमा चालू असताना हळूच म्हणाली, "बरोबर. असंच असतं." बस, तेवढंच. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, इरफान खानबरोबर विभागून. २०१२ सालच्या सिनेमांसाठीचा होता तो, म्हणजे वय सदुसष्टच्या आसपास. 'बॅरिस्टर'ला पस्तीस वर्षं झाली होती. कुणाचं करिअर जोरात वर गेलं की आपण ग्राफ बोलतो, हा कसला ग्राफ आहे? हा घाटरस्ता आहे, चढतोय चढतोय आणि चढताना कळतही नाही.

२०१६ च्या एक जानेवारीला 'नटसम्राट' लागला. त्यातली गणपतरावांची आणि रामभाऊची जोडी, नाना पाटेकर आणि विक्रम गोखले, रंगभूमीवर आयुष्य घालवलेले दोन म्हातारे नट. हॉस्पिटलच्या खाटेवरचा तो सीन आणि दोघं नाटकातलं बोलायला लागतात, थिएटरात बाजूच्या सीटवरचा अनोळखी माणूस हुंदके देत होता. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत बातमी आली की घशाच्या दुखण्यामुळे विक्रम गोखले रंगभूमीवरून निवृत्त होतायत. मी ती बातमी दोनदा वाचली. आजोबांचा आवाज फुटला आणि त्यांचं स्त्रीपार्टी नट असणं संपलं. नातवाचा घसा गेला आणि नाटक संपलं. सिनेमात माईक जवळ असतो, हळू बोललं तरी चालतं, तिथे ते काम करत राहिले. पण नाटकातल्या माणसाला बाल्कनीतल्या शेवटून दुसऱ्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. तिथे आम्ही बसलेलो असतो.

नोव्हेंबर २०२२ चे ते दिवस फार विचित्र गेले. पुण्यात हॉस्पिटलमध्ये होते. 'गोदावरी' तेव्हा नुकताच थिएटरला लागला होता, त्यात ते आहेत, आणि आम्ही तो बघायला जायचं ठरवत होतो. तेविसाच्या रात्री व्हॉट्सअॅपवर श्रद्धांजल्या सुरू झाल्या, फोटो, फुलं, दिवा, सगळं, आणि मग घरच्यांनी सांगितलं की ते आहेत, उपचार चालू आहेत. मला इतका राग आला होता त्या रात्री. माणूस श्वास घेतोय आणि आपल्याला 'मी आधी सांगितलं' याची घाई. ज्याने आयुष्यभर आपल्याला थांबायला शिकवलं त्याच्यासाठी आपल्याला दोन दिवस थांबता आलं नाही. सव्वीस तारखेला ते गेले.

त्या दिवशी मी आईकडेच होते. तिने टीव्ही लावला. सगळ्या चॅनेलवर तेच, क्लिप्स, खाली धावणारी पट्टी, आणि वरून निवेदक ओरडून बोलतायत, 'नटसम्राट'चा सीन चालू आहे आणि त्याच्यावर यांचा आवाज. आई म्हणाली, "आवाज बंद कर जरा त्याचा. नुसतं बघू दे."

मी म्यूट केलं. कुठल्यातरी मुलाखतीतले ते दिसत होते, मग 'अनुमती', मग बहुतेक कुठल्यातरी मालिकेतला तुकडा, दाढी वाढलेली, खिडकीशी उभे. समोरचं पात्र काहीतरी बोललं, ओठ हलले. ते बोलले नाहीत. आई थोडी पुढे सरकली. तिचा हात सोफ्याच्या हातावर होता, बोटं अगदी हळू हलत होती, आणि मग ती एका जागी थांबली आणि बरोबर तेव्हाच पडद्यावर त्यांनी मान वर केली.